शल्यशोधन झालेली खोली: ऑक्सफर्डमधले आठ महिने

सेंट जॉन्स कॉलेजच्या केंड्र्यू क्वाड्रँगलमध्ये (चौकाभोवतीच्या वसतिगृहात) खोली मिळाली तेव्हा आजोबांनी फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, "शल्यशोधन केलं होतं का रे त्यांनी?" घर बांधण्याआधी जमिनीतली हाडं काढून घ्यावीत, असं आपलं वास्तुशास्त्र सांगतं. म्हटलं, आजोबा, इतकं कसून केलंय की त्यावर शोधनिबंध निघालेत.

2008 साली बांधकामाआधी इथे उत्खनन झालं. पस्तीसेक सांगाडे निघाले, एकावर एक फेकलेले. सगळे पुरुष, बहुतेक 16 ते 25 वयाचे. सकाळी नऊच्या लेक्चरला जिन्यावरून धडधडत उतरणारी पोरं याच वयाची आहेत, आणि हे एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही. घाव पाठीमागून बसलेले, काही हाडं भाजलेली, वार अडवताना हातांवर होतात तशा खुणा मात्र फारशा नाहीत. 13 नोव्हेंबर 1002, सेंट ब्राइसचा दिवस. इंग्लंडचा राजा एथेलरेड याने डेन लोकांची, म्हणजे डेन्मार्ककडून येऊन वसलेल्यांची, कत्तल करायला सांगितलं होतं. त्याचीच 1004 ची सनद सांगते की ऑक्सफर्डचे डेन जीव वाचवायला चर्चमध्ये शिरले आणि गावकऱ्यांनी चर्चच पेटवलं. हे तेच लोक की पकडलेले लुटारू, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला पहिलंच पटतं, पण मी शिकतोय रसायनशास्त्र.

ज्यात त्यांना टाकलं तो खंदकही साधा नव्हे. सुमारे 150 मीटर व्यासाच्या नवाश्मयुगीन वर्तुळाचा तो भाग. डेन मारले गेले तेव्हाच तो तीन हजार वर्षांहून जुना होता. इमारतीला नाव जॉन केंड्र्यूंचं, स्नायूतल्या प्रथिनाची रचना उलगडून 1962 चं नोबेल मिळवलेले. खाली हाडं, वर स्नायूवाले!

आता खोलीबद्दल. उबदार, शांत. ॲशमोलियन संग्रहालय पाच मिनिटांवर. पहिल्याच आठवड्यात लसणाची फोडणी दिली आणि अलार्म वाजला. चूक माझी, झाकण ठेवायला हवं होतं. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो, त्याची तयारी ठेवून या. भुताखेताचं म्हणाल तर काही नाही. तेरा नोव्हेंबरच्या रात्री मुद्दाम जागलो, तर ऐकू आलं ते फक्त शेजाऱ्याचं घोरणं.

खंदकातल्या त्या सांगाड्यांपैकी एका तरुणाचा डीएनए डेन्मार्कच्या फ्यून बेटावर सापडलेल्या एका पन्नाशीच्या माणसाशी जुळला. काका-पुतणे, सावत्र भाऊ किंवा आजोबा-नातू, असं जवळचं नातं. 2021 मध्ये दोघांचे सांगाडे कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात शेजारी शेजारी मांडले. हे आजोबांना सांगितलं, तर थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "आजोबा-नातूच असणार." आणि खोलीचं भाडं किती ते विचारलं.