जुन्या ४०७ च्या मीटरमध्ये काय लावावं: साधा बल्ब की एलईडी?

माझी टाटा ४०७, म्हणजे छोटा ट्रक, जुनी आहे, केबलवर चालणाऱ्या स्पीडोमीटरची. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे क्रेट भरायचे आणि उजाडायच्या आत वाशीच्या मार्केटला पोचायचं, हा तिचा धंदा. म्हणजे तिचं जवळपास सगळं काम रात्रीचं. दोनेक वर्षांपूर्वी मीटरचा उजेड इतका गेला की डिझेलचा काटा बघायला मोबाईलचा टॉर्च मारावा लागायचा. तेव्हापासून त्याच मीटरमध्ये मी तीन प्रकार लावून बघितले: आधी पांढरे एलईडी, मग पिवळसर एलईडी आणि आता साधे फिलामेंटचे मीटर बल्ब. कोणी हेच काम काढणार असेल तर माझा अनुभव उपयोगी पडेल. गाडी वेगळी, वापर वेगळा असेल तर निकालही वेगळा लागू शकतो, हे धरूनच वाचा.

एलईडीकडे मी का गेलो ते आधी सांगतो, कारण ते कारण आजही खरं आहे. साधा बल्ब खड्ड्यांनी मरतो. फिलामेंटची तार हादऱ्याने तुटते, आणि तो बदलायचा म्हणजे पूर्ण मीटर बाहेर ओढायचा. मागे हात घालून स्पीडोमीटरच्या केबलचा नट बोटांनीच चाचपत सोडवायचा, तिथे पान्याला जागा नसते. एकदा बल्बची काच बोटात घुसली आणि पुढचे चार दिवस स्टेअरिंग धरताना तेवढं एक बोट उचलून धरत होतो. शिवाय साधा बल्ब तापतो. माझ्या मीटरमध्ये बल्बच्या वरचं प्लास्टिक पिवळं पडून फुगलं होतं. एलईडीला तुटायला तार नाही आणि उष्णताही नावालाच. त्यामुळे पुतण्या म्हणाला, "काका, एकदाच एलईडी टाका, परत मीटर खोलायला नको," तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

पांढरे एलईडी लावल्यावर पहिल्या संध्याकाळी खूप बरं वाटलं. गाडी गोडाउनपुढे उभी होती, मीटरवरचा आकडा न् आकडा दिसत होता. त्याच रात्री कसारा घाट उतरायला लागलो आणि मग कळलं.

पावसाळ्याचे दिवस, घाटात धुकं, समोरची काच आतून थोडी धुरकटलेली. त्या काचेत, बरोबर रस्त्याची कड दिसते त्या उंचीवर, मीटरचे दोन पांढरे ठिपके उभे. वळण आलं की ठिपके कठड्यावर सरकायचे. एकदा तर समोरून कोणी टॉर्च घेऊन चालत येतंय असं वाटून मी ब्रेक दाबला. मागे क्रेट सरकल्याचा आवाज आला, तो अजून कानात आहे. माझ्या मीटरवरची झाप, म्हणजे वर पुढे आलेलं छप्पर, उन्हाने वाकलेली आहे, त्यामुळे माझ्याकडे हा त्रास जास्त असेल, हे मान्य. पण पंधरा-वीस वर्षं उन्हात उभी राहिलेली कुठली गाडी आहे जिची झाप सरळ आहे?

मग म्हटलं, डिमर फिरवू. आधीच्या मालकाने डॅशबोर्डला फिरवायचा तारेचा डिमर बसवून घेतला होता. साध्या बल्बाला तो सुरेख चालायचा. एलईडीला तो फिरवत राहिलो, उजेड तसाच, तसाच, आणि शेवटच्या टोकाला एकदम बंद. कारण सरळ आहे. हा डिमर बल्बाने ओढलेल्या करंटवर काम करतो आणि एलईडी करंट ओढतोच इतका कमी की डिमरमध्ये व्होल्टेज अडत नाही. म्हणजे भर घाटात माझ्यापुढे दोनच मार्ग: डोळ्यात घुसणारा उजेड, नाहीतर पूर्ण अंधार. मी अंधार निवडला आणि कसाऱ्यापर्यंत गाडी अंदाजाने उतरवली. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

डोळ्यांचं म्हणाल तर अंधाराला पूर्ण सरावायला माणसाच्या डोळ्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. मीटरकडे बघून नजर वर उचलली की तो सराव थोडा मोडतो, आणि निळसर पांढऱ्या उजेडात जास्त मोडतो. वय वाढेल तसा हा त्रास वाढतो. माझा पुतण्या तीच गाडी तेच एलईडी असताना चालवायचा आणि त्याला काही वाटायचं नाही. त्याचं पंचवीस, माझं बावन्न.

पिवळसर एलईडीने काचेतले ठिपके बरेच सौम्य झाले. एलईडीच घ्यायचा असेल तर हाच घ्या, पांढऱ्याच्या वाटेला जाऊ नका. रंगीत एलईडी तर नकोच: मीटरमध्ये बल्बावर हिरवी टोपी असेल आणि आत लाल एलईडी टाकला तर जवळजवळ काहीच दिसत नाही. पण पिवळसरलाही एक खोड राहिली. साधा बल्ब चहूकडे उजेड फेकतो, मीटरच्या डब्याचा पांढरा रंग तो परतवतो आणि सगळी तबकडी सारखी उजळते. एलईडीचा उजेड नाकासमोर जातो. माझ्या तबकडीवर चाळीस-साठच्या आसपास झगझगाट आणि कडेला काळोख, आणि डिझेलचा काटा नेमका त्या कडेला. बाजूलाही उजेड टाकणारे एलईडी मिळतात, त्यांनी फरक पडतो म्हणतात. मी ते लावलेले नाहीत.

परत साध्या बल्बाकडे वळताना एक गोष्ट सापडली, जी खरं तर पहिल्या दिवशी बघायला हवी होती. मीटर बाहेर काढलेला होता. बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक मोकळी वायर आणून मीटरच्या अर्थच्या (करंट परत नेणाऱ्या निगेटिव्ह वायरच्या) टोकाला नुसती टेकवली. मंद पेटलेले बल्ब डोळ्यांदेखत फुलले. वायर उचलली की परत विझल्यासारखे. म्हणजे दोष बल्बात नव्हताच, अर्थ गंजला होता. साध्या बल्बाचं असं आहे की व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड खूप पडतो. बारा व्होल्टच्या बल्बाला साडेदहाच पोचले तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त उजेड जातो. मी अर्थची वेगळी वायर कायमची टाकली, होल्डरच्या पितळी पट्ट्या पॉलिश पेपरने घासल्या आणि डब्याला आतून पांढऱ्या ऑइलपेंटचा हात दिला. मग त्याच वॉटचे नवे बल्ब. जास्त वॉटचा घालायचा मोह होतो, पण तो प्लास्टिक वितळवतो.

आज माझा मीटर पांढऱ्या एलईडीइतका उजळ नाही. पण काटे सगळे दिसतात, आणि घाट लागला की डिमर अर्ध्यावर आणतो. काचेत काही नाही, फक्त रस्ता.

एलईडी घ्यायचं ठरलं असेल तरी चार्जिंगच्या लाल दिव्याला हात लावू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच बल्बातून अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, सुरुवातीचा करंट जातो. तिथे एलईडी घातला की करंट पुरत नाही आणि जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. आमच्या अड्ड्यावरच्या एका गाडीची बॅटरी अशीच तिसऱ्या दिवशी बसली, आणि दोष आधी अल्टरनेटरवर गेला. इंडिकेटरला डाव्या-उजव्याचा मिळून एकच दिवा असेल तर तिथेही एलईडी बहुधा एकाच बाजूला पेटतो, कारण त्याला उलटा करंट चालत नाही. आणि मोठ्या गाडीला चोवीस व्होल्ट असतात, चार्जिंगला अठ्ठावीसपर्यंत जातात. तिथे चोवीसचाच माल मागून घ्या.

गाडी दिवसा चालत असेल, शहरातल्या शहरात डिलिव्हरी असेल, रात्री सगळीकडे रस्त्याचे दिवे असतील, तर पिवळसर एलईडी खुशाल लावा. मीटर खोलण्याचा त्रास वाचेल आणि तो त्रास लहान नाही. रात्रीचा घाट रोजचा असेल तर मात्र आधी अर्थ बघा, मग बल्ब. मी दर पावसाळ्याआधी दोन्ही बल्ब चालू असतानाच बदलून टाकतो, दिवसाउजेडी, घरासमोर, म्हणजे रस्त्यात ती वेळ येत नाही. काढलेले दोन कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत घालतो आणि डबी फ्यूजच्या शेजारी ठेवतो.