टेन्सिओमीटर: संत्र्याच्या बागेत दोन बहार वापरल्यानंतर

टेन्सिओमीटर म्हणजे खाली सच्छिद्र सिरॅमिक कप आणि वर झाकण व काटा असलेली, पाण्याने भरलेली नळी: जमीन जितकी कोरडी तितक्या जोराने ती कपातून पाणी ओढते आणि काटा तितका वर चढतो. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरच्या फुलोऱ्यासाठी, बाग ताणावर सोडली होती, पाणी तोडले होते. झाडांची पाने वळू लागली होती आणि नेमका त्याच वेळी टेन्सिओमीटरचा काटा शून्यावर येऊन बसला, म्हणजे जमीन पाण्याने तुडुंब भरली आहे असे सांगू लागला. उपकरण उपटून विक्रेत्याच्या सेवा केंद्रात नेले. तेथील तंत्रज्ञाने खालच्या सिरॅमिक कपावर हातपंपाने निर्वात ओढून पाहिला, काटा टिकत नाही हे दाखवले आणि कप निकामी झाल्याचे जाहीर केले. कप सुटा मिळत नाही, खालची नळी पूर्ण बदलावी लागते, आणि तिची किंमत नव्या उपकरणाच्या निम्म्याहून अधिक. मी पैसे दिले नाहीत. उपकरण घेऊन परत आलो, कारण त्यांनी तपासलेला कप ठणठणीत कोरडा होता.

कोरड्या कपातून हवा जाणारच. तो सच्छिद्र असतो म्हणूनच त्याची किंमत आहे. भिजलेल्या कपाचे वागणे वेगळे असते. छिद्रांत पाणी भरले की प्रत्येक छिद्राच्या तोंडाशी पाण्याचा वक्र पडदा धरला जातो, आणि त्याला मागे रेटून आत शिरण्यासाठी हवेला पृष्ठताणावर मात करावी लागते. छिद्र जितके बारीक तितका हा दाब जास्त, हे यंग आणि लाप्लास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मांडून ठेवले आहे. सुमारे 3 मायक्रॉन व्यासाच्या छिद्रातून पाणी हटवायला हवेला जवळपास 1 बार, म्हणजे 100 सेंटीबार दाब लागतो. म्हणून ओल्या कपातून पाणी मोकळेपणाने ये-जा करते आणि हवा बाहेर अडून राहते. या एका गुणावर सारे उपकरण उभे आहे, आणि ते विकणाऱ्यांना तेवढेच ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर झाकण उघडे ठेवून फक्त कप बादलीतल्या पाण्यात रात्रभर उभा केला. नळीत वरून आधी पाणी ओतू नये: पाणी बाहेरून आत शिरत गेले तर छिद्रांतली हवा नळीच्या बाजूने निघून जाते, पण दोन्हीकडून एकदम पाणी आले तर ती मधल्यामध्ये कोंडली जाते आणि पुढे बुडबुडे होऊन छळते. सकाळी उकळून झाकून थंड केलेले पाणी नळीत भरले (डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीवर खर्च करण्याचे कारण नाही, विरघळलेली हवा उकळण्याने बरीच निघते), झाकण घट्ट केले आणि उपकरण गोठ्याच्या आडव्या वाशाला वाऱ्यात टांगले. कपाच्या अंगावरची ओल वाऱ्याने उडू लागली तसा काटा चढत गेला: 20, 40, मग रेंगाळत 70 सेंटीबारच्याही वर. कप परत बादलीत बुडवला आणि थोड्याच वेळात काटा शून्याजवळ उतरला. कप शाबूत होता. ही तपासणी कोणताही शेतकरी विना पंप, विना खर्च करू शकतो, आणि माहितीपत्रकात तिचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

मग काटा शून्यावर का आला होता? येथे मला माझे मत बदलावे लागले, कारण तोवर मी उपकरणालाच दोन तारे द्यायच्या बेतात होतो. टेन्सिओमीटरचे काम साधारण 80 ते 85 सेंटीबारपर्यंतच चालते. त्यापलीकडे नळीतल्या पाण्यातून हवा आणि वाफ सुटून वर साठते, कोरडी जमीन कपातले पाणी ओढून घेते, अखेर कपातही हवा शिरते आणि निर्वात मोडला की काटा खाली पडतो. आंबियाचा ताण ही मर्यादा सहज ओलांडतो. त्या हंगामात हे उपकरण काढून ठेवायचे आणि ताण तोडल्यावर, पहिल्या ओलितानंतर पुन्हा बसवायचे, हे विक्रेत्याने विकतानाच सांगायला हवे होते.

काळ्या भारी जमिनीची दुसरी अडचण भेगांची. जमीन आकसली की कपापासून सुटते, आणि पाणी दिले तर ते भेगेतून झरझर खाली जाते. ढेकळाच्या पोटातली हवा तिथेच राहते. मी आता गिरमिटाने भोक पाडून त्याच मातीचा पातळ गारा ओततो आणि त्यात कप बसवतो. फरक स्पष्ट आहे.

आकड्यांवर विसंबणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. जमीन वाळताना दिसलेले 40 आणि ओलितानंतर जमीन भिजत असताना दिसलेले 40 यांत पाणी सारखे नसते; वाळतानाच्या आकड्याला ते जास्त असते. मातीची पोकळी सुरईसारखी, पोट मोठे आणि गळा अरुंद: रिकामी होताना गळ्यातले पाणी हटेपर्यंत पोट भरलेले राहते, भरताना मात्र रुंद पोट उशिरा भरते. मृदाशास्त्रज्ञ हेन्सने 1930 मध्ये हे दाखवले. म्हणून मी फक्त वाळतानाचा आकडा पाहून ठिबक सुरू करतो. मला याचा खरा लाभ ओलित टाळण्यात झाला. शेजारच्या बागा पाण्यात उभ्या असताना माझा काटा 15 च्या खाली, म्हणजे जमीन पुरेशी ओली असल्याचे सांगत होता आणि मोटार बंद होती. जास्त ओलीने बळावणाऱ्या डिंक्या रोगाने झाड जाण्यापेक्षा मोटार बंद असलेली बरी.

शेवटची तक्रार झाकणाच्या रबरी कड्याची. उन्हाळ्यात ते कडक होते आणि ज्या हवेला 3 मायक्रॉनचा कप अडवतो ती वरून बिनदिक्कत आत येते. कडे सुटे मागितले तर पूर्ण झाकण घ्या असे उत्तर मिळाले. पाइपच्या दुकानात त्याच मापाचे ओ-रिंग मिळाले आणि त्याला थोडे ग्रीस लावल्यापासून नळीत बुडबुडा धरलेला नाही. उपकरणाला चार तारे; सेवेला एकही नाही, आणि ज्याला ओला-कोरडा कप ओळखता येत नाही त्याने हातपंप उचलू नये.