चलनावरचं साल मी वाचलं होतं

४०,५०० रुपये. ३८,००० कराचे, २,५०० माझं टॅक्सचं काम बघणाऱ्याची फी. सगळे माझ्याच फोनवरून त्याच्या खासगी यूपीआयवर गेले, एकदा नाही, चार हप्त्यांत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

मी नाशिकमध्ये घरांचं इंटिरिअर करते. प्लाय, लॅमिनेट ग्राहक परस्पर घेतात, मला फक्त फी मिळते. २०२२-२३ मध्ये ती १४,६०,००० झाली. घरमालक काही फी देतानाच कर (टीडीएस) कापत नाहीत, त्यामुळे अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष चालू असतानाच भरायचा कर, आपला आपणच भरायचा. व्यावसायिकांसाठीचं ४४एडीए कलम लावून फीच्या निम्मं उत्पन्न धरायचं, त्यातून विमा-पीपीएफचे १,१०,००० वजा. जूनमध्ये त्याचा अंदाज होता ३८,०००, वर्षअखेर कर निघाला ३७,९६०. माणूस हुशार होता, नाही कोण म्हणतंय?

जूनला ५,७००, सप्टेंबरला ११,४००, डिसेंबरला ११,४००, मार्चला ९,५००. शेवटच्या हप्त्याबरोबर फी. ४४एडीएवाल्यांनी १५ मार्चपर्यंत सगळा कर एकरकमी भरला तरी चालतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ठाऊक असणारच. पण दर तिमाहीला पैसे कोणाला हवे होते, ते आता कळतंय.

दर वेळी व्हॉट्सॅपवर चलन, म्हणजे कर भरल्याची पावती, यायचं. माझं नाव, माझा पॅन, बँक शाखेचा बीएसआर कोड, सगळं जागच्या जागी. डिसेंबरचं चलन मी साइटवर उघडलं. सुतार विचारत होता, "मॅडम, हँडल आडवं की उभं?" आणि मी बघत होते, कर निर्धारण वर्ष २०२२-२३. अहो, २०२२-२३ च्या कमाईचं निर्धारण वर्ष २०२३-२४ असतं! मला खटकलं. मी फोनही केला. तो म्हणाला, "ताई, चालू वर्षच टाकतात, सिस्टीम पुढे आपोआप घेते." मी "बरं दादा" म्हटलं आणि हँडल उभं लावायला सांगितलं.

कुणाचं तरी जुनं चलन घेऊन त्यानं नाव, पॅन, रक्कम, तारीख बदलली होती. साल बदलायचं राहिलं. ओटा पाव इंच खाली गेला तर मी सुताराला अख्खा उतरवायला लावते. पण सोसायटीतल्या काकूंचं रिटर्न तो सहा वर्षं भरत होता, त्यांना दर वर्षी रिफंड आला. मग माझा विश्वास बसला, यात मूर्खपणा तो काय?

जुलै २०२३ मध्ये रिटर्नसाठी फोन लावला तर बंद. ऑफिसला कुलूप. भाच्यानं आयकर पोर्टलवर माझं एआयएस, म्हणजे खात्याकडची माझी वर्षाची नोंद, उघडलं. करभरणा शून्य. मग कर पुन्हा भरला, वर तो वेळेत न भरल्याचं, २३४बी आणि २३४सी कलमांचं व्याज १,८९५.

आयकर कार्यालयातले साहेब म्हणाले, "कर भरायची जबाबदारी तुमची, एजंट तुमचा." व्याज तरी माफ होईल? "अर्ज करून बघा." पोलीस ठाण्यात म्हणाले, पैसे यूपीआयनं गेले ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही ओळखीच्या माणसाला स्वखुशीनं दिलेत, ठाण्यात जा. पुन्हा ठाण्यात. तिथे म्हणे हा दिवाणी मामला, एनसी (अदखलपात्र नोंद) घ्या. बनावट सरकारी चलन आणि दिवाणी मामला? फसवणुकीचं तेव्हाचं कलम ४२० दखलपात्र होतं, हे मी त्यांना सांगायचं? चौथ्या फेरीत लेखी अर्ज घेतला, पोच मात्र भांडून मिळवावी लागली. आणि अर्ज घेणाऱ्यानं माझा धंदा वाचून विचारलं, "मॅडम, मॉड्युलर किचनला साधारण किती लागतात हो?"

कराचा पैसा कुणाच्याही यूपीआयवर पाठवू नका, सीए असला तरी. पोर्टलवरून आपल्याच बँक खात्यातून भरा, दहा मिनिटांचं काम आहे. तो नुसता "टॅक्स कन्सल्टंट" होता, पाटीवर सीए कुठेच नव्हतं, तेही मी पाहिलं नाही. चलनाचा पीडीएफ म्हणजे पुरावा नव्हे. टीडीएस वजा जाऊन वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होत असेल तर तारखा स्वतः लिहून ठेवा.

त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग असायचा. ट्यूशनवाल्या बाई, फिजिओथेरपिस्ट, एक आर्किटेक्ट, सगळी माझ्यासारखीच किरकोळ कमाईची माणसं. तुमची फाइल अशाच कुणाकडे असेल तर उद्यावर ढकलू नका, आत्ता लॉगिन करून एआयएसमधला करभरणा बघा. पासवर्ड त्याच्याकडे असेल तर आधी तो बदला.