फ्लॅप, स्पॉयलर आणि ट्रिमचं चाक : सात-आठ महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर पैसे घालायचेच असतील, तर ट्रिमच्या चाकावर घाला. माझ्या संचात थ्रॉटल (इंजिनच्या पॉवरची दांडी), फ्लॅपची (पंखांच्या मागच्या कडेला खाली उतरणाऱ्या फळ्यांची) दांडी, स्पॉयलरची (पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्यांची) दांडी आणि हे चाक असं सगळं आहे. दिवाळीत घेतला, आता ग्वाल्हेरचा उन्हाळाही त्यानं पाहिला.

ट्रिम, म्हणजे विमानाचं नाक हात न लावता हवं तिथे टिकवण्याची सोय, वरवर क्षुल्लक वाटतं. सेसना १७२ या छोट्या विमानात फ्लॅप सोडले की नाक उठतं, पॉवर कमी केली की खाली जातं. दर वेळी जॉयस्टिक दाबून धरायची तर मनगटाचं काही खरं नाही. चाक फिरवलं की एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या, शेपटीवरच्या हलत्या फळीच्या) मागच्या कडेची छोटी पट्टी हलते आणि एलिव्हेटर हवेच्याच जोरावर हव्या त्या जागी टिकतो. बटणावर ट्रिम करायचो तेव्हा नाक सारखं डुलायचं. चाक हवं तिथे थांबतं. फक्त एक आहे : खऱ्या विमानात हात आहे तिथेच ठेवून ओढ संपेपर्यंत ट्रिम करतात. स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर मात्र चाक फिरवता फिरवता काठी मध्यावर सोडत आणावी लागते.

फ्लॅपच्या दांडीला पाच खाचा. एअरबस ए३२० ला चपखल : ०, १, २, ३, फुल. बोइंग ७३७ ला 'अप' सोडून आठ टप्पे, त्यामुळे तिथे पुन्हा बटणं आलीच. सेसनाला १०, २०, ३० अंश. सुरुवातीचे अंश मुख्यतः उचल वाढवतात, शेवटचे जास्त करून अडवतात. म्हणूनच १७२ एस मध्ये उतरणं रद्द केलं तर पूर्ण पॉवर आणि लगेच ३० वरून २०. नाहीतर विमान रडतखडत चढतं. आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या हवाई दलाच्या मिराज २००० या लढाऊ विमानाला ही भानगडच नाही. त्याला शेपटीचा आडवा पंख नाही. मागे फ्लॅप सोडून नाक दाबलं गेलं तर सावरणार कोण? ते आपलं नाक उंच धरूनच उतरतं.

तक्रार स्पॉयलरच्या दांडीची. ७३७ मध्ये उतरण्याआधी ती 'आर्म्ड'वर ठेवायची. चाकं टेकली की पंखांवरच्या फळ्या आपोआप उभ्या राहतात, उचल मोडते, वजन चाकांवर येतं आणि मग ब्रेक नीट धरतात. माझ्या संचात 'आर्म्ड'ला खाचच नाही! जरा पुढेमागे झालं की फळ्या हवेतच उघडतात. शेवटी शेजारी पांढऱ्या नेलपॉलिशची रेघ मारली. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

मे महिन्यात धूळ आत गेली आणि याच दांडीला हात न लावता स्पॉयलर थरथरायला लागले. कंपनीला मेल केला, उत्तर आलं : ड्रायव्हर पुन्हा टाका. टाकला, फरक शून्य. इथल्या महाराज बाडा चौकाजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं पोटेन्शिओमीटरवर (दांडी कुठे आहे ते मोजणाऱ्या भागावर) क्लीनर फवारला, दांडी दहा-बारा वेळा मागेपुढे केली आणि काम झालं. ट्रिमच्या चाकात पोटेन्शिओमीटर नाहीच, त्याला धुळीनं काही केलं नाही.