पॉवरशेल ७ : विंडोज, उबुंटू आणि मॅक यांसाठी एकच स्क्रिप्ट

आमच्या शिक्षणसंस्थेत विंडोजचे चाळीसएक संगणक, उबुंटू लिनक्सचे चार सर्व्हर आणि व्हिडिओ संपादनासाठी घेतलेले तीन मॅक आहेत आणि या सगळ्यांची देखभाल आम्ही दोघे सहकारी पाहतो. बरीच वर्षे विंडोजसाठी बॅच फाइली, उबुंटूसाठी बॅश या लिनक्सच्या कमांड-साधनातील स्क्रिप्ट आणि मॅकवर जे लागेल ते हाताने, असा कारभार चालू होता. एकाच तपासणीच्या दोन-तीन स्क्रिप्ट असल्या की एकीत केलेली दुरुस्ती दुसरीत करायची राहून जातेच. दीड वर्षापूर्वी रोजच्या तपासण्या पॉवरशेल ७ या मायक्रोसॉफ्टच्या कमांड-साधनावर आणल्या, त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

पॉवरशेल २००६ साली आले तेव्हा ते केवळ विंडोजसाठी होते. ऑगस्ट २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा सोर्स कोड एमआयटी परवान्याखाली खुला केला, २०१८ मध्ये तिन्ही प्रणालींवर चालणारी ६.० ही आवृत्ती आली आणि मार्च २०२० मध्ये ७.०. ते विनामूल्य आहे. मात्र विंडोजसोबत आजही जुनी ५.१ आवृत्तीच येते. ७ वेगळी इन्स्टॉल करावी लागते आणि ती ५.१ ची जागा न घेता तिच्या शेजारी नांदते. नवख्यांचा निम्मा गोंधळ येथेच होतो, त्यामुळे स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच किमान आवृत्तीची अट घालून ठेवावी.

याचे खरे बळ असे की कमांडमधून मजकूर बाहेर पडत नाही, ऑब्जेक्ट, म्हणजे नावानिशी गुणधर्म असलेल्या माहितीच्या नोंदी, बाहेर पडतात. बॅशमध्ये डिस्कवरील मोकळी जागा पाहायची तर आउटपुटमधील चौथा की पाचवा रकाना, हे ऑक या मजकुरातून रकाने वेचणाऱ्या प्रोग्रॅमला सांगत बसावे लागते आणि मॅकवर रकान्यांची मांडणी वेगळी निघाली की तेच गणित पुन्हा बसवावे लागते. पॉवरशेलमध्ये आम्ही डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग मंचातील ड्राइव्हइन्फोकडून ड्राइव्हची यादी मागतो. प्रत्येक ड्राइव्हची एकूण जागा आणि मोकळी जागा आकड्यांच्याच रूपात हाती येते आणि दहा टक्क्यांहून कमी जागा उरलेले ड्राइव्ह वेगळे काढणे हे एका ओळीचे काम होते. उबुंटूवर प्रॉक आणि सिस यांसारखी आभासी माउंटही (डिस्कवर नसलेली, पण ड्राइव्हसारखी जोडलेली फोल्डरे) या यादीत येतात, ती एकूण आकार शून्य असल्यावरून वगळता आली. स्नॅप या उबुंटूच्या पॅकेज-पद्धतीची माउंट मात्र कायमच पूर्ण भरलेली दिसत असल्याने त्यांचा स्क्वॅशएफएस हा फॉरमॅट गाळण्याची अट नंतर वाढवावी लागली. इतका फरक सोडला तर तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकच फाइल चालते.

मराठीत काम करणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ५.१ मध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली यादी) निर्यात करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, सांगितले नाही, तर फाइल अस्की या केवळ इंग्रजी अक्षरांच्या पद्धतीत लिहिली जाते आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. विद्यार्थ्यांच्या नावांची यादी अशी एकदा बिघडली की त्या फाइलमधून मूळ नावे परत मिळवता येत नाहीत. ७ मध्ये बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंग सांगणारी खूण) नसलेले यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग ठरवले असल्याने आमच्या याद्या कोणतीही विशेष सूचना न देता शुद्ध उतरतात. तीच फाइल कार्यालयात एक्सेलमध्ये थेट उघडली जाणार असेल, तर बीओएमसह यूटीएफ-८ असे आवर्जून नमूद करावे, नाहीतर नावे तेथे विचित्र चिन्हांत दिसू शकतात. केवळ या एका कारणासाठीसुद्धा मी ५.१ वरून ७ वर येण्याची शिफारस करीन.

दूरच्या संगणकांवर कमांड चालवण्यासाठी ७ मध्ये एसएसएच या सुरक्षित दूरसंपर्क पद्धतीचा वापर करता येतो. प्रत्येक यंत्राच्या एसएसएचडी-कॉन्फिग या मांडणीच्या फाइलमध्ये पॉवरशेलची सबसिस्टिम म्हणून एक ओळ घालावी लागते. विंडोजवर त्या ओळीत ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधील मोकळ्या जागेने अडथळा येऊ नये म्हणून मार्गाचे आखूड रूप द्यावे लागते. त्यानंतर संगणकांच्या नावांची यादी देऊन एकच स्क्रिप्टब्लॉक (कमांडचा गट) सगळीकडे धाडता येतो. परत येणारे ऑब्जेक्ट ही त्या क्षणाची नोंद असते, तिच्यातून पलीकडची प्रोसेस बंद करता येत नाही, हे मात्र पहिल्या आठवड्यातच समजून घ्यावे.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. सर्व्हिस, म्हणजे पार्श्वभूमीवर चालणारे प्रोग्रॅम, पाहण्याची विंडोजवरील गेट-सर्व्हिस ही कमांड लिनक्सवर आणि मॅकवर नाहीच. तेथे अनुक्रमे सिस्टिमसीटीएल किंवा लाँचसीटीएल या तेथील कमांडनाच हाक मारून त्यांचा मजकूर आपण वाचायचा, म्हणजे सर्व्हिसच्या तपासणीत पुन्हा तीन फांद्या फुटतात. फाइलींची यादी दाखवणारे एलएस हे विंडोजवर टोपणनाव असून ऑब्जेक्ट देते, तर उबुंटूवर तेथील मूळ एलएस चालून निव्वळ मजकूर येतो. स्क्रिप्टमध्ये कमांडची पूर्ण नावेच लिहावीत हा नियम आम्ही त्यावरून केला. ७.४ पूर्वीच्या आवृत्त्यांत डेटाबेसचा बॅकअप पाइपने (एका कमांडचे आउटपुट दुसरीला जोडून) थेट जीझिप या फाइल आखडणाऱ्या प्रोग्रॅमकडे देणे धोक्याचे होते, कारण मधल्या बाइटांना मजकूर समजून त्यांचे रूपांतर होत असे, ७.४ मध्ये ते बाइट जसेच्या तसे पुढे जातात. जुनी आवृत्ती वापरत असाल तर बॅकअप उघडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

एक चूक माझी स्वतःची. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट उबुंटूवर नेली आणि ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ या अर्थाचा संदेश येऊ लागला, फाइल तर डोळ्यांसमोर होती. दोन तासांनी उलगडले की शीबँगच्या, म्हणजे स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या, ओळीच्या शेवटी विंडोजचे कॅरेज रिटर्न हे ओळशेवटाचे अक्षर राहिले होते, त्यामुळे लिनक्स त्या अदृश्य अक्षरासह प्रोग्रॅमचे नाव शोधत होता. तेव्हापासून सगळ्या स्क्रिप्ट गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात एलएफ या लिनक्सच्या ओळशेवटांनीच ठेवतो.

ज्यांच्याकडे विंडोजचे पारडे जड आहे आणि सोबतीला काही लिनक्स सर्व्हर आहेत, त्यांना मी पॉवरशेल ७ निःशंकपणे सुचवीन. सगळे सर्व्हर लिनक्सचेच असतील तर बॅश तेथे आधीपासून हजर असते आणि सुरूही चटकन होते. तेथे हे वेगळे इन्स्टॉल करून सांभाळण्याचे कारण मला दिसत नाही. आमच्या उबुंटूवरील बॅकअपच्या दोन जुन्या बॅश स्क्रिप्ट आजही बिनचूक चालतात, त्यांना आम्ही हात लावलेला नाही.