नथुला, सोमवार आणि आमचे १,०१,२०० रुपये

आकडा आधी सांगून टाकते. एक लाख एक हजार दोनशे रुपये, सिक्कीमच्या सहलीच्या नावाखाली एका एजंटने फसवून घेतलेले. त्यातले निम्मे, म्हणजे ५०,६००, माझ्या वन्संचे. महिनाभर हे कुणाला सांगितलं नाही. ऑफिसात कुणी "कशी झाली सिक्कीमची ट्रिप?" विचारलं की मोबाइलमधला चांगू तलावाचा फोटो पुढे करायचा आणि विषय बदलायचा. फोटो छान आलाय. तो कसा आला, ते मात्र पोटातच ठेवलं.

दिवाळीच्या आधी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. उटणं, कंदील, पैठणी आणि कोपऱ्यात या एजंटचा सहलींचा स्टॉल. मागे बर्फाच्या डोंगराचा मोठा फोटो. बोलायला मऊ, आपल्यातलाच वाटावा असा. "काकू, जानेवारीत जा. मे महिन्यात सगळेच जातात, तलाव गोठलेला बघायचा तर थंडीतच." यात खोटं काहीच नव्हतं. चांगू जानेवारीत खरंच गोठतो. माणूस नव्वद टक्के खरं बोलत असेल तर उरलेल्या दहा टक्क्यांवर संशय घ्यायचं सुचत नाही. आठवड्याने आम्ही त्याच्या गाळ्यावर गेलो. टेबल, दोन मुली फोनवर, भिंतीवर तोच फोटो. रस्त्यावर उभा राहून पैसे घेणारा माणूस नव्हता हो तो. गाळा होता, पाटी होती.

बागडोगरा विमानतळापासून परत तिथपर्यंत, चार रात्री, माणशी २१,५००. मी, आमचे हे, वन्सं आणि भाऊजी. चौघांचे ८६,०००, विमानाचं तिकीट आमचं आम्ही. ९ नोव्हेंबरला ३०,०००, ५ डिसेंबरला ४०,०००, २ जानेवारीला १६,०००. सगळे यूपीआयने. आणि मध्येच २८ डिसेंबरला "नथुला परमिट आणि बर्फाचे बूट-जॅकेट" म्हणून माणशी ३,८००, म्हणजे १५,२००. नथुला म्हणजे चीनच्या सीमेवरची खिंड.

मी सव्वीस वर्षं हिशेब खात्यात आहे. पावतीवर जीएसटी नंबर नाही, हे मला दिसलं होतं. यूपीआयवर नाव कंपनीचं नाही, कुणा वेगळ्याच आडनावाचं येतंय, हेही दिसलं होतं. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंटचं आहे काकू, कंपनीच्या खात्याची लिमिट संपलीय." ऑफिसात एखाद्या पुरवठादाराने असं सांगितलं असतं तर मी बिल परत पाठवलं असतं. इथे पाठवलं नाही. तेव्हा विमानाची तिकिटं काढून झाली होती, आमच्या दोघांच्या रजा मंजूर होत्या, भाऊजींनी नवे बूट घेतले होते. फसवणारा नेमकी हीच वेळ साधतो. तिकीट निघाल्यावर वाढीव पैसे मागणाऱ्याला पहिला प्रश्न तिथेच विचारा, आणि व्यक्तीच्या नावाच्या खात्यात एक रुपया टाकू नका, अकाउंटंटच्या नाही आणि बायकोच्याही नाही.

पण हेही मी स्वतःला माफ केलं असतं. माफ होत नाही ती गोष्ट फोटोंची.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने, ती दोन वर्षांपूर्वी जाऊन आली होती, मला बजावलं होतं की नथुलाला परमिट लागतं आणि त्यासाठी ओळखपत्र आणि पासपोर्ट साइझ फोटो द्यावे लागतात. म्हणून मी गोखले रोडवरच्या स्टुडिओत चौघांचे फोटो काढून घेतले. प्रत्येकी दोन, आठ फोटोंचं पाकीट पर्समध्ये घेऊन फिरत होते. २८ डिसेंबरला त्याचा परमिटच्या पैशांसाठी फोन आला, तेव्हा मीच विचारलं, "फोटो कधी आणून देऊ?" तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "फोटोची गरज नाही काकू, आपलं आर्मी कोट्यातून होतं."

तो क्षणभर थांबला होता. मला आजही ऐकू येतं ते थांबणं. मीच पुढे वाक्य पूर्ण केलं, "अच्छा, म्हणजे ऑनलाइन होत असेल." खोटं बोलायचं कामसुद्धा मी त्याच्यासाठी केलं. आणि घरी येऊन ते पाकीट पर्समधून काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं. पाच मिनिटांत १५,२०० रुपये पाठवले. फोटोशिवाय परमिट निघत नाही हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याच्या "आपलं" या एका शब्दावर मी विसंबले.

दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली. अशोकस्तंभ, चौघांची नावं, तारीख १३ जानेवारी. आता तिथे जाऊन कळलं ते लिहिते. नथुलाचं परमिट सहसा आदल्या दिवशी निघतं, तेही सिक्कीम पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेल्या एजन्सीमार्फत. गाडीही सिक्कीमच्या नंबरचीच लागते. पंधरा दिवस आधी तुमच्या मोबाइलवर आलेली पीडीएफ परमिट नसते. रात्री बर्फ पडून रस्ता बंद झाला तर निघालेलं परमिटही रद्द होतं, त्यामुळे "गॅरंटी" म्हणणारा माणूस तिथेच ओळखावा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे नथुला पर्यटकांसाठी सोमवारी आणि मंगळवारी बंद असतं. १३ जानेवारी २०२५ हा सोमवार होता. भिंतीवरच्या कालनिर्णयात मी त्याच तारखेभोवती गोल केला होता, वर वार छापलेला आहे.

कार्यक्रमपत्रिकेत एका दिवसात रुमटेक मठ, चांगू, बाबा मंदिर आणि नथुला असं सगळं होतं. नकाशा उघडला असता तरी कळलं असतं. रुमटेक गंगटोकहून साधारण २४ किलोमीटर, दरीच्या पलीकडे. चांगू त्याच्या उलट दिशेला साधारण ४० किलोमीटर आणि नथुला आणखी वर, १४,००० फुटांच्या पुढे. वर जाणाऱ्या गाड्या पहाटे निघतात तेव्हा कुठे दुपारनंतर खाली येतात. थंडीत तिथे साडेचार-पाचला अंधार पडायला लागतो. रुमटेक त्या दिवसात बसतच नाही. पण छापील कागदावर चार नावं एकाखाली एक दिसली की माणसाला वाटतं, एवढं सगळं मिळतंय.

११ तारखेला बागडोगऱ्याला गाडी आली. हॉटेलही नीट होतं. पहिला दिवस सुरळीत जातोच, तो तसा जाऊ देतात. रविवारी दो द्रुल चोर्तेन हा स्तूप पाहिला, १०८ प्रार्थनाचक्रं वन्संनी एकेक करून हाताने फिरवली. मग एंचे मठ. तिथून निघताना ड्रायव्हरने डिझेलसाठी २,००० रुपये मागितले, "एजंट नंतर देईल" म्हणून. दिले. ड्रायव्हरने पैसे मागितले म्हणजे वरून पैसे पोचलेले नाहीत, हे त्या क्षणी ओळखायला हवं होतं. तुम्ही ओळखा, आणि तिथल्या तिथे हॉटेलच्या काउंटरवर जाऊन विचारा की आमच्या किती रात्रींचे पैसे आलेत. आम्ही नाही विचारलं. एकाच रात्रीचे आले होते.

सोमवारी सकाळी साडेसहाला चौघं स्वेटर, मफलर, कानटोपी घालून खाली बसलो. सात. साडेसात. गाडी नाही, फोन बंद. काउंटरवरच्या मुलाने पीडीएफ पाहिली आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आज तो सोमवार है." मग त्यानेच सगळं समजावलं. आठच्या सुमाराला ठाण्याहून मेसेज आला: बर्फामुळे रस्ता बंद आहे, रिफंड करतो. त्याच वेळी हॉटेलमधलं एक बंगाली कुटुंब चांगूला जायला निघत होतं. त्यानंतर त्याने आम्हाला ब्लॉक केलं.

उरलेल्या तीन रात्री, दोन खोल्या, १४,४०० रुपये पुन्हा भरले. नवे फोटो काढले, ४०० रुपये. स्थानिक एजन्सीने संध्याकाळपर्यंत चांगू आणि बाबा मंदिराचं परमिट काढून दिलं, मंगळवारच्या गाडीचे ५,५००. परतीच्या गाडीचे ४,५००. डिझेलचे धरून २६,८०० वरखर्च. एकूण १,२८,०००.

मंगळवारी संक्रांत होती. चांगू तलाव पांढरा झाला होता, काठावर रंगीत झुली घातलेले याक, पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. बारा हजार फुटांवर भाऊजींना थोडा दम लागत होता. वन्संनी पर्समधून तिळगुळाचा डबा काढला आणि पहिला लाडू माझ्या हातावर ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या बर्फासाठी वर्षभर पैसे साठवले तो समोर होता आणि मी मनात १,०१,२०० भागिले चार करत होते.

आता परत आल्यानंतरचं. १७ तारखेला आमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेलो. दीड तास बसवून ठेवलं. मग साहेब म्हणाले, "गंगटोकला घडलं ना, तिकडे तक्रार द्या." मी म्हटलं, पैसे ठाण्यातून गेले, गाळा ठाण्यात आहे. तर म्हणाले, "गाडी आली नाही, ही सेवेतली त्रुटी. ग्राहक आयोगात जा." आणि अशोकस्तंभ छापलेलं खोटं परमिट? ते त्यांनी माझ्या मोबाइलवर बघितलं आणि मोबाइल परत दिला. दुसऱ्या वेळी सगळे बंदोबस्ताला गेलेले. तिसऱ्या वेळी तक्रार अर्ज घेतला, शिक्का मारला. अर्ज म्हणजे गुन्हा नव्हे, हे घरी आल्यावर भाच्याने सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, आणि हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. हे मी चौथ्या वेळी तोंडावर सांगितलं. "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." छप्पन्न वर्षांच्या बाईला, जिने आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढली नव्हती, तिला हे ऐकवलं. चोराला फोन करून साधा जाब विचारला नाही, आवाज चढवला तो माझ्यावर.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. तो नंबर पैसे गेल्यावर तासाभरात लावला तर उपयोगाचा, कारण तेव्हा रक्कम गोठवता येते. आमचा पहिला हप्ता जाऊन दोन महिने झाले होते. बँकेत म्हणे, "तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार? पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणतात, समोरच्या खात्याची माहिती बँकेकडून आणा. एका सरकारी कार्यालयात तर सांगितलं की हा एजंट आमच्याकडे नोंदलेलाच नाही, त्यामुळे आम्हाला कारवाई करता येत नाही. नोंदणी करणाऱ्याला नियम आणि न करणाऱ्याला मोकळं रान? मी तिथे उभी राहून विचारलं. उत्तर आलं, "लेखी द्या." लेखी दिलं. पोच मिळाली, दुसरं काही नाही.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर मराठीत सांगतात. पण कागद लागतात. गाळ्याच्या पाटीचा फोटो, मेसेजचे स्क्रीनशॉट, प्रत्येक पेमेंटचा क्रमांक. त्याने ब्लॉक करण्याआधी ते काढून ठेवा, कारण नंतर त्याचं नाव आणि फोटोसुद्धा दिसत नाही.

वन्संना मी २५,००० परत दिले. उरलेले मार्चच्या पगारातून देणार होते. त्यांनी पहिलेही ह्यांच्या हाती परत पाठवले आणि निरोप दिला, "तिला सांग, मीही कालनिर्णय बघितला नव्हता."

मागच्या शनिवारी बाजारातून येताना मुद्दाम त्या गाळ्यावरून गेले. पाटीवर नवं नाव आहे. आत टेबल तेच, भिंतीवर बर्फाच्या डोंगराचा फोटोही तोच. बाहेर कागद चिकटवलाय, मे महिन्याच्या गंगटोक-दार्जिलिंगचं बुकिंग सुरू. खुर्चीवर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. मी आत गेले आणि त्या मावशींना विचारलं, "तुमचे फोटो मागितले का हो यांनी?"