भिंतीवरचं सॉकेट मी बघितलं होतं

23,900 रुपये. सेकंडहँड म्युझिक मशीन घ्यायच्या नादात एवढ्याला फसलो, आकडा आधीच सांगून टाकतो. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिक बाजारातून, घेतलेला ट्रान्सफॉर्मर यात धरलेला नाही, त्याचं दुखणं वेगळं.

धनकवडीतल्या वन बीएचकेत चार वर्षं मी लॅपटॉपवर बीट्स करतोय. माउसने ड्रम लावून वैताग आला, म्हणून हार्डवेअर बघायला लागलो. आधी डोक्यात सिंथ होता, म्हणजे स्वतः आवाज तयार करणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, मिनीलॉग वगैरे. मित्र म्हणाला, "तुला जुन्या रेकॉर्डचे तुकडे कापून जुन्या ढंगाचं बूम-बॅप हिप-हॉप करायचंय, सिंथ घेऊन काय पूजा करणारेस? सँपलर घे." बरोबर होतं त्याचं. सँपलर म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे पॅडवर, म्हणजे रबरी बटणांवर, वाजवणारं मशीन. अकाई कंपनीने ड्रम मशीनवाल्या रॉजर लिनकडून एमपीसी हा आपला पहिला तसला सँपलर करून घेतला 1988 मध्ये, तेव्हापासून हिप-हॉपवाल्यांची बोटं त्या 16 पॅडवर आहेत. मला हवी होती त्यातली 2000एक्सएल. ती बंद होऊन जमाना झाला, सेकंडहँडच घ्यावी लागते. त्यामुळे "दुकानातून का नाही घेतलीस" हे कृपया विचारू नका, घरच्यांचं विचारून झालंय.

जाहिरात 52,000ची. माणूस कोल्हापूरचा, "भावा"शिवाय वाक्य नाही. टोकन 15,000. दुसऱ्या दिवशी कुरिअरचे 2,400. रात्री 10 वाजता विम्याचे 6,500, "माल मिळाला की परत, भावा." तिसऱ्यांदा हात थांबला होता. पण आधीचे 17,400 अडकलेत असं वाटलं नि पिन टाकला.

पण खरी चूक त्याच्या आधीची. त्याने व्हिडिओ पाठवला होता, "कालच घरी काढलाय" म्हणून. स्क्रीन पेटलेला, पॅडवर बोटं. शेवटच्या दोन सेकंदांत कॅमेरा खाली गेला आणि भिंतीवरचं सॉकेट दिसलं. दोन चपट्या भोकांचं, जपानी. मी ते बघितलं! बघून काय केलं, तर हुशारी दाखवली: "हे जपानचं 100 व्होल्टचं मॉडेल दिसतंय, आपल्या 230वर जळेल ना?" तो म्हणाला, "भावा, तुला माहितीय की सगळं! ट्रान्सफॉर्मर तेवढा घेऊन ठेव." मी खूश. कोल्हापूरच्या घरात भिंतीला जपानी सॉकेट कुठून आलं, हा प्रश्न पडलाच नाही. व्हिडिओ कुठल्या तरी जपानी माणसाचा उचललेला. मी मात्र संध्याकाळी तपकीर गल्लीत 1,850 मोजून ट्रान्सफॉर्मर घेत होतो.

विम्याचे पैसे गेल्यावर नंबर बंद. लाजेपायी मी रात्रभर कुणाला बोललो नाही, सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन केला दुसऱ्या दिवशी दुपारी. तुम्ही असं करू नका. पहिल्या तासात फोन करा, रडायचं नंतर.

पुढची वरात ऐका. चौकीत साहेबांनी विचारलं, "वस्तू नक्की काय? कॅसिओ?" सँपलर म्हणजे काय ते दहा मिनिटं सांगितलं. त्यांनी लिहिलं, "संगीताचे यंत्र". मग म्हणाले, बँकेची शाखा दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. तिकडे म्हणाले, राहता तिथेच द्या. परत आलो तर पहिले साहेब बंदोबस्ताला. बँकेतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. म्हणजे चोर मीच? चौथ्या फेरीत एक हवालदार म्हणाले, "शिकलेली माणसं तुम्ही." हे ऐकायला रिक्षाचे 180 रुपये घातले.

आलेला व्हिडिओ धरू नका, व्हिडिओ कॉलच करा. त्यात समोरच्याला मशीनमधल्या एखाद्या सिक्वेन्सला, म्हणजे साठवलेल्या तालाला, तुमचं नाव द्यायला लावा, 2000एक्सएलच्या स्क्रीनवर अक्षरं टाकता येतात. मेमरी विचारा. ती 32 एमबीच्या पुढे जात नाही, माझ्यावाल्याने 64 सांगितली होती आणि मला तो बोनस वाटला. मागची व्होल्टेजची पट्टी वाचा. आणि कोल्हापूरला एसटी जाते हो, स्वारगेटवरून! मी गेलो असतो तर निदान पांढरा रस्सा तरी मिळाला असता.

ट्रान्सफॉर्मर टेबलाखाली पडून आहे, दुकानदार परत घेत नाही. कुणाकडे खरोखर जपानी मशीन असेल तर 1,500ला देतो. घरी या, लावून बघा, मग पैसे द्या. टोकन नको.